गुडघ्याची ‘झीज’: एका शब्दाची तपासणी

मंडळी, मी वैद्यकातला डॉक्टर नाही. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. त्यामुळे औषध सांगणार नाही, शब्द तपासणार आहे. कारण माझ्या गुडघ्याचं निम्मं नुकसान एका शब्दानं केलं. “झीज झालीय, वंगण संपलंय, जिने चढू नका,” असं मला सांगण्यात आलं. मी दोन वर्षं खुर्ची धरली. मांडीचे स्नायू रोडावले आणि गुडघा जास्तच दुखायला लागला.

‘झीज’ हा यंत्राचा शब्द. बैलगाडीचा आख झिजतो, कारण तो निर्जीव आहे. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, तशी नाही. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. पण जिवंत पेशी आहेत आणि त्यांना दाब कळतो. सूज वाढवणारा इंटरल्यूकिन-१ सारखा रेणू पेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे तिच्या दारावरच्या कुलपाला, चिकटला की आत एनएफ-कप्पा-बी नावाचा घटक जागा होतो. मग तीच पेशी कोलॅजन कापणारी विकरं तयार करते. तुटलेले तुकडे पुन्हा नवा इशारा ठरतात. आता बघा, लठ्ठ माणसांत हाताच्या बोटांचा ऑस्टिओआर्थ्रायटिसही जास्त आढळतो. हातांवर तर कोणी चालत नाही! नुसत्या घर्षणानं हे कसं उलगडणार?

मग ‘संदेश’ हा शब्द बरा का? बरा आहे, पण त्यालाही सूट नको. संदेश म्हटलं की वाटतं, तार तोडली की काम झालं. इंटरल्यूकिन-१ अडवणारी औषधं गुडघ्यांवर तपासली गेली; फारसा फायदा दिसला नाही. टीजीएफ-बीटा हा रेणू कूर्चेची राखण करतो. उंदरांवरच्या प्रयोगांत मात्र कूर्चेखालच्या हाडात तो अति झाला की बिघाड करतो. भर्तृहरीनं ‘वाक्यपदीया’त अर्थाचा मान सुट्या शब्दाला न देता वाक्याला दिला. रेणूचंही तसंच दिसतं.

दोन चाचण्या शेजारी ठेवा. स्प्रिफर्मिन हे औषध पेशींना वाढीचा संदेश देतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ५४९ रुग्णांच्या चाचणीत, मोठी मात्रा घेणाऱ्यांची कूर्चा दोन वर्षांत किंचित जाड झाली. वेदनेत मात्र ठळक फरक पडला नाही. टॅनेझुमॅब हे औषध वेदनेचा संदेश अडवतं. वेदना कमी झाली, पण काहींचे सांधे झपाट्यानं खराब झाले. २०२१ मध्ये त्याचं काम थांबलं. एकीकडे कूर्चा सुधारली, माणूस तिथंच. दुसरीकडे माणसाला बरं वाटलं, सांधा गेला. तेव्हा बरं करायचं ते नेमकं कोणाला, हा प्रश्न प्रयोगशाळा एकटी सोडवू शकत नाही.

आपल्या राशीनहून भीमा ओलांडली की भिगवण. तिथं १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकारी घरोघर गेले. पहिला प्रश्न क्ष-किरण चित्राचा नव्हता. कुठं दुखतं, हा होता. मला ही पद्धत मोलाची वाटते, कारण चित्रात बराच बिघाड असूनही न दुखणारे गुडघे असतात आणि चित्र बरं दिसत असूनही ठणकणारे असतात.

शेवटचा मुद्दा. झेपेल एवढा दाब हाही पेशीला संदेशच असतो, आणि तो तिला मानवतो. म्हणून व्यायाम, मांडीची ताकद आणि गरज असेल तिथं वजन कमी करणं, हे आजही उपचारांच्या अग्रभागी आहे. गोळ्या आणि शस्त्रक्रिया यांना त्यांची जागा आहेच. पण पाथर्डीच्या ऊसतोड बाईला किंवा दिवसभर खुरपणीला बसणारीला “चालत जा” एवढंच सांगणं ही क्रूर थट्टा होईल. तिला विसावा हवा, मला हालचाल. ‘झीज’ हा शब्द आम्हा दोघांना एकच चिठ्ठी लिहून देतो, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

आता प्रश्न विचारा. मी उभ्यानंच उत्तरं देतो!