जायफळाची कॉफी

कॉफीवर टीका लिहायला बसलो खरा, पण पिंजऱ्यात उभे राहण्याची पाळी माझीच आहे.

नागपुरात आम्ही महालात राहत होतो तेव्हा आई दुपारी चारला एक कप कॉफी घेई. चहा रोजचा, कॉफी उपासाची, आजाऱ्याची, नाहीतर पाहुण्यांची. आईने मात्र तो एक कप स्वतःसाठी राखला होता. भरपूर दूध, भरपूर साखर आणि वर जायफळ! बाबा बुदानने सतराव्या शतकात मोखाहून सात बिया आणून चंद्रगिरीच्या डोंगरात पेरल्या, अशी कथा आहे. दाक्षिणात्यांनी त्या कॉफीचा कडूपणा जपला. आपण तिला खिरीच्या गोत्रात दत्तक घेतले. झोप उडवणाऱ्या पेयात झोपेचे म्हणून नावाजलेले जायफळ घालायचे, हा विनोद आपल्यालाच सुचावा! रसिक म्हणून बोलायचे तर जायफळापुढे कॉफीची चव लाजून मागे उभी राहते.

पण मी चवीवर थांबलो नाही. १९९१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कॉफीमुळे मूत्राशयाचा कर्करोग संभवतो, असे म्हटले. मी ते वाचले आणि घरात फर्मान काढले. “बरं बाबा,” एवढेच आई म्हणाली, आणि डबा वरच्या फळीवर गेला.

१५११ साली मक्केत खैर बेगनेही कॉफीवर बंदी घातली होती. पुढे कैरोच्या सुलतानाने ती उठवली. माझी बंदी उठली २०१६ साली. त्याच संस्थेने पुरावा अपुरा ठरवून आधीचा निवाडा मागे घेतला. धोका दाखवला तो ६५ अंशांहून गरम पेयांचा, मग ते कोणतेही असो. आई तर कॉफी बशीत ओतून, निववून पीत असे! पण हे सांगायला ती उरली नव्हती.

म्हणून कॉफी निर्दोष, असेही मी म्हणत नाही. जेवणाबरोबर घेतली तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. संध्याकाळी घेतली तर अर्धे कॅफीन पाच-एक तासांनीही अंगात असते. निरोगी माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीन चालते, गरोदर बाईला २००. आईच्या दुधाळ कपात त्याच्या कितीतरी कमी असेल. पथ्य मोजून सांगावे, धाक घालून नव्हे, एवढीच माझी टीका.

आता मनीषनगरातल्या घरी तो डबा खालच्या फळीवर असतो. दिवाळीत चार वाजता मीच कॉफी करतो. जायफळ घालतो, आणि बशीत ओततो.