अनुकूलनशील चल सरासरी : एक परीक्षण

बाजारभावांच्या तांत्रिक विश्लेषणात चल सरासरीइतके सोपे व सर्वपरिचित साधन दुसरे नाही. परंतु ह्या साधनाच्या मुळाशीच एक अडचण आहे. सरासरीचा कालखंड जितका दीर्घ, तितकी ती भावाच्या मागे रेंगाळते. कालखंड जितका लहान, तितकी ती प्रत्येक निरर्थक चढउताराने हेलकावे खाते. वीस दिवसांची साधी चल सरासरी भावापेक्षा साडेनऊ दिवस मागे असते. हा विलंब कमी करावयाचा तर खोट्या संकेतांची संख्या वाढते. म्हणजे एका दोषाचे निवारण दुसऱ्या दोषाच्या मोलानेच होते.

ह्या कोंडीतून सुटण्यासाठी, सरासरीचा वेग एकदाच ठरवून न टाकता तो बाजाराच्या स्थितीप्रमाणे बदलू द्यावा, अशी कल्पना पुढे आली. तुषार चांदे यांनी १९९२ मध्ये, पेरी कॉफमन यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्टर ट्रेडिंग’ ह्या ग्रंथात आणि जॉन एलर्स यांनी २००१ मध्ये ती आपापल्या परीने मांडली. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. ट्रिग आणि लीच यांनी १९६७ मध्येच, अंदाजातील चुका सतत एकाच दिशेला झुकू लागल्या की नव्या निरीक्षणाला अधिक भार द्यावा, अशी पद्धत सुचविली होती. प्रस्तुत परीक्षण मुख्यतः कॉफमन यांच्या सरासरीपुरते मर्यादित आहे; कारण तिचे गणित सर्वांत उघड आहे आणि व्यवहारात ती पुष्कळ रूढ झाली आहे.

ह्या सरासरीचा कणा म्हणजे ‘कार्यक्षमता गुणोत्तर’. दहा दिवसांत भावात झालेला निव्वळ बदल घ्यावा आणि त्याच दहा दिवसांतील रोजच्या बदलांच्या बेरजेने, त्यांची चिन्हे सोडून, त्यास भागावे. भाव १०० वरून ११० वर एकाही दिवशी मागे न येता गेला, तर गुणोत्तर १ येते. तेवढेच अंतर तोडताना रोजच्या हालचालींची बेरीज ४० झाली, तर ते ०.२५ होते. गुणोत्तर मोठे असेल तेव्हा सरासरी वेगाने चालते, लहान असेल तेव्हा मंदावते. कल्पना सुबोध आहे, तिचा अर्थ भूमितीने लावता येतो, आणि भावाच्या पातळीवर ती अवलंबून राहत नाही. हे तिचे गुण निःसंशय मान्य केले पाहिजेत.

परंतु गुणोत्तरापासून भारापर्यंतच्या वाटेवर एक पायरी अशी आहे, की जिच्याकडे वापरणाऱ्यांचे क्वचितच लक्ष जाते. वेगवान टोकाला दोन दिवसांची व मंद टोकाला तीस दिवसांची घातांकी सरासरी, अशा मर्यादा सांगितल्या जातात. दोन दिवसांच्या सरासरीत नव्या भावाला सुमारे ०.६६७, तर तीस दिवसांच्या सरासरीत सुमारे ०.०६४५ इतका भार मिळतो. गुणोत्तराच्या प्रमाणात ह्या दोहोंमधील एक संख्या काढली जाते. आणि शेवटी त्या संख्येचा वर्ग केला जातो. ह्या वर्गामुळे वेगवान टोकाचा भार ०.४४४ वर येतो, म्हणजे ती साडेतीन दिवसांची सरासरी होते. मंद टोकाचा भार तर ०.००४२ इतका घसरतो, म्हणजे सुमारे ४८० दिवसांची सरासरी होते. ‘दोन ते तीस’ असे नाव धारण करणारे साधन प्रत्यक्षात ‘साडेतीन ते चारशे ऐंशी’ असते. अनिश्चित बाजारात सरासरी जवळजवळ स्थिर राहावी, हा वर्ग करण्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. पण मग साधनाचे वर्तन मुख्यतः ह्या वर्गानेच ठरते, गाजावाजा झालेल्या मर्यादांनी नव्हे, हे स्पष्टपणे सांगावयास हवे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. उच्च गुणोत्तर म्हणजे ‘कल’, असे ही पद्धती गृहीत धरते. ह्या गृहीताची कसोटी नाणेफेकीने पाहता येते. भाव रोज नाणे उडवून एक रुपया वर किंवा खाली जातो, असे मानावे. येथे कल नाहीच. दहा फेकींच्या १०२४ संभाव्य क्रमांपैकी ११२ क्रमांत गुणोत्तर ०.६ किंवा त्याहून अधिक येते. म्हणजे सुमारे नऊ वेळांतून एकदा. ०.६ ह्या गुणोत्तराला सरासरी दहा दिवसांच्या घातांकी सरासरीइतकी चपळ होते. उलट २५२ क्रमांत भाव दहा दिवसांनी मूळ जागी परत येतो, गुणोत्तर शून्य होते आणि सरासरी थिजल्यासारखी होते. एकाच निव्वळ यदृच्छेच्या प्रक्रियेत हे साधन कधी धावते, कधी थांबते, आणि पाहणाऱ्याला त्यात बाजाराचे ‘स्वरूप’ बदलल्याचा भास होतो. दहा दिवसांच्या तुटपुंज्या नमुन्यातून योगायोग व कल वेगळे करणे ह्या गुणोत्तराच्या आवाक्याबाहेरचे आहे.

सैद्धांतिक बाजूनेही एक विसंगती दिसते. भावातील बदलांचा काही भाग कायमचा आणि काही भाग क्षणिक असेल, तर घातांकी सरासरी हा सर्वोत्तम अंदाज कोणत्या भाराने ठरतो, हे म्यूथ यांनी १९६० मध्ये दाखविले. बदल पूर्णपणे कायमचे आणि परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर आजचा भाव हाच उद्याचा उत्तम अंदाज होय. म्हणजे नव्या भावाला पूर्ण भार द्यावयास हवा. वरील नाणेफेकीचे उदाहरण नेमके ह्याच जातीचे आहे. तेथे कॉफमन यांचे गुणोत्तर सरासरीने ०.२५ च्या आसपास राहते, आणि त्या गुणोत्तराला मिळणारा भार ०.०४५ हून फारसा अधिक नसतो. ह्यावर असे उत्तर देता येईल, की व्यापाऱ्याला अंदाजातील चूक कमी करावयाची नसून निष्फळ व्यवहार टाळावयाचे असतात. उत्तर रास्त आहे. पण मग ह्या सरासरीला ‘भावाचे अधिक अचूक चित्र’ म्हणणे सोडून द्यावे लागेल. ती व्यवहार रोखून धरणारी एक युक्ती ठरते, आणि तिचा निवाडा खर्च वजा जाता उरणाऱ्या नफ्यावरच व्हावयास हवा.

तो निवाडा सोपा नाही. ब्रॉक, लॅकोनिशॉक आणि लबॅरन यांनी १९९२ मध्ये डाउ जोन्स निर्देशांकाच्या १८९७ ते १९८६ ह्या काळातील भावांवर २६ साधे नियम तपासले, आणि त्यांत भाकिताची शक्ती आढळल्याचे नमूद केले. सलिव्हन, टिमरमन आणि व्हाइट यांनी १९९९ मध्ये हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. पुष्कळ नियम तपासून त्यांतील उत्तम तेवढा निवडला, तर त्याचे यश कितपत खरे मानावे, हे त्यांनी ७,८४६ नियमांच्या समूहावर पाहिले. जुन्या काळात उत्तम ठरलेला नियम १९८७ ते १९९६ ह्या पुढील दशकात टिकला नाही. अनुकूलनशील सरासरीत तर गुणोत्तराचा कालखंड, दोन टोके, वर्ग आणि संकेत गाळण्याची मर्यादा, अशा अनेक जागा निवडीसाठी मोकळ्या असतात. जितक्या निवडी, तितकी भूतकाळाशी जुळवून घेण्याची मुभा. अंदाजशास्त्राचा अनुभवही सावध करणारा आहे : घातांकी सरासरीच्या साहित्याचा गार्डनर यांनी १९८५ मध्ये आढावा घेतला, तेव्हा स्वयंबदल भाराच्या पद्धती स्थिर भाराच्या पद्धतींहून सरस असल्याचा भरवशाचा पुरावा त्यांना दिसला नाही.

म्हणून ह्या साधनाचा पुरस्कार करणाऱ्याने निदान दोन कसोट्या उत्तीर्ण केल्या पाहिजेत. पहिली, तुलना तितकाच सरासरी विलंब असलेल्या स्थिर सरासरीशी व्हावी. मनाला येईल त्या वीस दिवसांच्या सरासरीशी नव्हे. दुसरी, त्याच भावांतील रोजचे बदल क्रम मोडून पुनःपुन्हा पिसावेत आणि नियम त्या कृत्रिम मालिकांवर चालवावा. तेथेही तितकाच लाभ दिसला, तर तो भावांच्या क्रमातून आलेला नाही हे उघड होईल. भारतातील भावांवर प्रयोग करताना दलाली आणि २००४ पासून लागू असलेला रोखे व्यवहार कर हिशेबात धरला नाही, तर निष्कर्षाला काही अर्थ उरणार नाही.

विलंब आणि गोंगाट यांच्यातील विरोध अनुकूलनशील सरासरीने मिटविलेला नाही; तो एका गुणोत्तराच्या कालखंडात नेऊन ठेवला आहे. वीस दिवसांऐवजी आता दहा दिवसांची निवड करावी लागते, एवढाच फरक. ह्या स्थलांतराने काही लाभ होत असेलही. पण तो सिद्ध करण्याचे ओझे साधनाच्या पुरस्कर्त्यांवर आहे, आणि ते अद्याप पुरतेपणी उचलले गेलेले नाही.