सोळा विसा माणसं

गोंडांच्या लिंगोच्या गाण्यात देव मोजले जातात ते खळ्यांनी. बारा खळी गोंड देव जन्मले, असं गाणं सांगतं. शेजारी तेलुगू देवांची खळी आहेत, ब्राह्मणांच्या देवांचीही आहेत. गोंदियाकडच्या धानाच्या मुलखात ज्यानं मळणी पाहिली आहे, त्याला हे माप समजावून सांगावं लागत नाही. एका खळ्यात नेमके किती, हे कोणी विचारत नाही. भरलेलं खळं लांबूनच कळतं. माणसांची पाळी येते तेव्हा माप बारीक होतं. ती विशांनी मोजली आहेत: सोळा विसा.

हे गाणं कागदावर आलं ते स्टीफन हिस्लॉपमुळे. नागपूरला आज हे नाव ठाऊक आहे ते कॉलेजमुळे. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना हा स्कॉटिश मिशनरी १८६३ साली पुरात बुडाला. मागे राहिलेली त्याची टिपणं रिचर्ड टेंपलनं १८६६ मध्ये छापली. गोंडांचे परंपरागत गायक असलेल्या प्रधानांचं गाणं त्यांत आहे, रोमन लिपीतल्या गोंडीत आणि सोबत इंग्रजीत.

गोष्ट अशी. जन्मलेले गोंड रानभर हिंडतात, मिळेल ते खातात, अंघोळीचं नाव नाही. त्यांचा वास धवलगिरीपर्यंत पोचतो. महादेवाला तो सोसत नाही. तो अंगाच्या मळाची खार करून सोडतो, गोंड तिच्यामागे धावत गुहेत शिरतात आणि गुहेच्या तोंडावर शिळा बसते. बाहेर उरतात चौघे. इथवर ही शिक्षेची कथा, आणि अशा कथा जगभर आहेत. खरी कविता पुढच्या वळणावर आहे. पार्वतीला चुकल्याचुकल्यासारखं होतं. माझे गोंड कुठे गेले, असं ती विचारते, कारण तो वास येईनासा झालेला असतो. ज्याची नवऱ्याला किळस, त्याचीच तिला आठवण. गाणारा यावर काही भाष्य करत नाही, सरळ पुढे जातो. मला हा सबंध गाण्यातला सर्वांत धीट भाग वाटतो. नकोशा लोकांविषयी लिहिताना बहुतेक कवी त्यांना आधी धुऊनपुसून घेतात. इथे ते जसे आहेत तसेच कुणाला तरी हवे आहेत.

लिंगो येतो तो फुलातून. उरलेल्या चौघांना तो शिकार आणि शेती शिकवतो. विस्तव मात्र रिकाड गवाडी या राक्षसाच्या शेतात असतो. धाकटा भाऊ चोरून आणायला जातो, ठिणगी उडून म्हातारा जागा होतो आणि पोरगा जीव घेऊन पळतो. मग लिंगो भोपळ्याचं तंतुवाद्य घेऊन झाडावर बसतो आणि वाजवू लागतो. म्हातारा नाचायला लागतो, म्हातारीलाही बोलावतो. राक्षसाला मारून विस्तव मिळवणारे नायक पुष्कळ झाले. त्याला बायकोसकट नाचवणारा विरळा. पुढे हेच चौघे भाऊ बायकांचं ऐकून लिंगोला मारतात. तो पुन्हा जिवंत होतो, पण भावांचा हिशेब चुकता करत बसत नाही. गुहेतल्या सोळा विसांच्या शोधाला लागतो आणि त्यांना सोडवतो. वाटेत पूर आलेली नदी येते. मगर दगा देते, कासव तारून नेतं.

आणि मग गाणं एकदम संसारी होतं. जंगल तोडतात, घरं उभी राहतात, बाजार भरतो, बैल येतात. नरभूमी नावाचं शहर वसतं. या नव्या शहरात लिंगो सगळ्यांना समोर बसवून त्यांचे गट पाडतो. कुणी चार देववाले, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. ज्यांचे देव सारखे ते भाऊ. त्यांच्यात सोयरीक नाही. आता आकडा किती माणसं हे सांगत नाही, समोरचा आपला कोण लागतो हे सांगतो. विशांनी मोजलेली गर्दी इथे समाज होते. नीरस वाटावा असा हा भाग आहे, साहसाची हौस असलेले वाचक तो चाळून टाकतात. माझ्या मते सगळं गाणं इथपर्यंत पोचण्यासाठीच रचलं आहे.

जेम्स फोर्सिथनं १८७१ च्या आपल्या पुस्तकात याच गाण्याचं इंग्रजी पद्य केलं. छंद घेतला लॉंगफेलोच्या 'हायावाथा' या काव्याचा. तो लॉंगफेलोनं फिनलंडच्या 'कालेवाला'वरून उचललेला. सातपुड्याचं गाणं फिनलंडच्या चालीवर, अमेरिकेमार्गे! ज्या मिनेहाहा धबधब्याचं नाव 'हायावाथा'नं जगभर नेलं, तो मिनिॲपोलिस शहरात आहे. लॉंगफेलोनं तो पाहिलाही नव्हता. आज त्या शहरात हायावाथाच्या नावाचा हमरस्ता आहे, धबधब्यावर हायावाथा आणि मिनेहाहाचा पुतळा आहे. १९६४ साली अध्यक्ष जॉन्सन आले तेव्हा धबधबा आटला होता, म्हणून वरच्या बाजूचे नळ सोडून पाणी पाडलं. शहराचा स्वभाव यात पुरता दिसतो: गोष्ट वाहती राहिली पाहिजे. ज्यांची ही भूमी ते डकोटा लोक मात्र १८६३ च्या कायद्यानं मिनेसोटातून हाकलले गेले. त्याआधीच्या हिवाळ्यात सुमारे सोळाशे डकोटांना, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे, धबधब्याजवळच्याच फोर्ट स्नेलिंगखाली डांबलं होतं. २०२० च्या खानेसुमारीत मिनिॲपोलिसची लोकसंख्या ४,२९,९५४ आली. आदिवासी त्यात अगदी थोडे, तरी गप्प बसणारे नव्हेत. 'अमेरिकन इंडियन मूव्हमेंट' १९६८ मध्ये याच शहरात उभी राहिली.

छत्तीसगडच्या वेशीवरच्या दरेकसा स्टेशनाजवळही एक धबधबा आहे, हाजरा. पण माघ पौर्णिमेला इथे माणसं उतरतात ती कचारगडच्या गुहेसाठी. लिंगोनं लोकांना सोडवलं ते याच गुहेतून, अशी श्रद्धा आहे. नागपूरचे मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८४ पासून ही यात्रा सुरू केली. आता लाखांनी लोक येतात, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण, ओडिशातून. गडाच्या पायथ्याशी, धनेगावला, काही दिवसांसाठी एक शहरच वसतं. तिथे गोंडी, छत्तीसगडी, मराठी, हिंदी सगळं कानावर येतं, आणि 'जय सेवा'. मोटरसायकलींवर '७५०' रंगवलेलं दिसतं. गाडीच्या नंबराशी त्याचा संबंध नाही. लिंगोनं घालून दिलेली ती साडेसातशे गोत्रं. प्रत्येक गोत्रानं एक झाड, एक प्राणी आणि एक पक्षी राखायचा.

इथे सांगतात ती कथा हिस्लॉपच्या गाण्याहून निराळी आहे. गुहेत कोंडलेली असतात ती काली कंकालीची तेहतीस पोरं. कोंडणारा शंभू. वासाची गोष्ट नाही. शिळा हलते ती हिरासुका पाटालीरच्या किंगरीच्या सुरांनी, आणि वाजवणारा स्वतः शिळेखाली सापडतो. तिकडे राक्षसाला नाचवणारं वाद्य इकडे दगड हलवतं, पण किंमत वसूल करून. हा बदल मला फार मोठा वाटतो. हिस्लॉपच्या गाण्यात सोडवणारा मरून पुन्हा उठतो. इथला वादक उठत नाही.

बायकांच्या बाबतीत तर दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. हिस्लॉपच्या गाण्यात राक्षसाच्या सात मुली लिंगोच्या भावांना दिल्या जातात आणि लिंगोचा जीव त्यांच्याच खोट्या तक्रारीनं जातो. त्या भागात गाणं आळशी होतं. नादी लावणाऱ्या वहिनीची ती शिळी गोष्ट कुठल्याही लोककथेत बेमालूम खपली असती. कचारगडच्या कथेत पोरांसाठी तळमळणारी आई आहे आणि त्यांना आपलं म्हणणारी जंगो रायताड आहे. तिला वगळलं तर लिंगोला गुहेकडे जायचं कारणच उरत नाही. रचना म्हणून निवडायचं झालं तर मी हिस्लॉपचं गाणं निवडेन, पार्वतीच्या त्या एका प्रश्नासाठी. पण पोरं खांद्यावर घेऊन माणसं गड चढतात ती दुसऱ्या कथेच्या भरवशावर.