कुलूपबंद कातडे

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी व शेटलंड बेटांवर आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सेल्कीच्या लोककथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. सेल्की म्हणजे समुद्रात सील आणि किनाऱ्यावर मनुष्य असलेला जीव. अंगावरचे कातडे उतरवले की ती स्त्री होते, पांघरले की पुन्हा लाटांत मिसळून जाते. कुणी मच्छीमार ते कातडे चोरून लपवतो व तिच्याशी संसार थाटतो. मुले होतात. एके दिवशी एखाद्या लेकराच्या हाती ते कातडे लागते आणि आई समुद्राकडे निघून जाते.

परीकथांतील जादूची वस्तू सहसा माणसाला त्याच्याजवळ नसलेले काही देते. सेल्कीचे कातडे मात्र नवे काहीच देत नाही. जे मूळचे तिचेच, ते परत करते. त्यामुळे त्याची चोरी ही केवळ एका वस्तूची चोरी राहत नाही.

टॉम मूर या आयरिश दिग्दर्शकाचा 'सॉन्ग ऑफ द सी' हा २०१४ चा चित्रपट या कथेला वेगळ्या अंगाने भिडतो. हाताने रेखाटलेला हा चलच्चित्रपट मुलांसाठी आहे, असे समजून वडीलधाऱ्यांनी तो बाजूला सारू नये. कथा घडते १९८७ साली, सर्व संतांच्या सणाच्या पूर्वसंध्येच्या सुमारास. दीपगृहाचा रखवालदार कॉनर, मुलगा बेन आणि सहा वर्षांची मुकी सीरशा असे हे कुटुंब. सीरशाच्या जन्माच्या रात्री आई समुद्रात निघून गेली आहे. मुलीला आईकडून आलेला सीलच्या कातड्याचा शुभ्र झगा सापडताच कॉनर तो पेटीत घालून, कुलूप लावून समुद्रात टाकून देतो. झग्यावाचून मुलगी खंगू लागते.

लोककथेतील नवरा लोभाने कातडे लपवतो. इथला बाप भीतीने लपवतो. पत्नी गेली, आता मुलगीही जाईल, ही ती भीती. चोराच्या जागी प्रेमळ बाप आणून दिग्दर्शकाने प्रश्न सौम्य केला असे वाटेल. वस्तुतः त्याने तो अधिक अवघड केला आहे. चोराचा निषेध करणे सोपे असते. प्रेमापोटी दुसऱ्याचा श्वास कोंडणाऱ्या माणसाला दोष देताना मात्र आपलाच हात अडखळतो. सीरशा या आयरिश नावाचा अर्थ 'स्वातंत्र्य' असा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ती कुलूपबंद पेटी अधिकच बोलू लागते.

याच सूत्राला माखा या चेटकिणीचे उपकथानक बळ देते. पुत्राचे दुःख पाहवेना म्हणून तिने त्याच्या भावनाच काढून घेतल्या आणि तो पाषाण झाला. इतरांच्या भावनाही ती बरण्यांत भरून ठेवते. बरणी आणि पेटी ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत. दुःख संपावे म्हणून जे बंद केले जाते, त्याच्यासोबत जगणेही बंद होते, हा आशय एकाही उपदेशपर वाक्याविना येथे प्रकट होतो. पाण्याला भिणारा बेन अखेर बुडी मारून झगा वर आणतो. लोककथेत आईला कातडे मिळवून देणारे मूल आईला गमावते. येथे तेच कृत्य बहिणीला वाचवते. हा बदल मार्मिक आहे.

शेवट मात्र पूर्ण समाधान देत नाही. सीरशाच्या गाण्याने दगड झालेले जीव मुक्त होतात, आई तिला न्यायला येते, कॉनर विनवतो आणि आई मुलीचा झगा स्वतःजवळ घेऊन तिला मानवी जगात राहू देते. हा प्रसंग हृदयस्पर्शी आहे, यात शंका नाही. पण आधी बापाने घेतलेला झगा आता आईने घेतला! पहिले हिरावणे आणि दुसरे मुक्त करणे, हे मानायचे तर मुलीची स्वतःची निवड ठळकपणे ऐकू यायला हवी होती. एवढ्या कष्टाने परत मिळालेला स्वभाव ती इतक्या सहज सोडते, तेव्हा लोककथेतील कठोर सत्य थोडे निसटते. ती जुनी आई मुलांवर प्रेम करीत असूनही जात असे, आणि कथा तिला दोषही देत नसे.

तरीही हा चित्रपट मुलांसमवेत अवश्य पाहावा. घरातून कायमच्या गेलेल्या माणसाचे कपडे कपाटात जपताना आपण आठवण जपतो की दुःखाला कुलूप लावतो, याचा विचार तो आपल्याला करायला लावील. आणि त्या संध्याकाळी त्या माणसाचे नाव घरात पुन्हा मोकळेपणाने उच्चारले गेले, तर चित्रपटाचे सार्थक झाले म्हणायचे.