पाहिलेले आणि ऐकलेले : घटनास्थळाची छायाचित्रे व नकाशा

एखाद्या कादंबरीवर परखड टीका झाली की तिचा ‘पंचनामा’ झाला, असे आपण सहज म्हणून जातो. या वाक्प्रयोगात पंचनामा म्हणजे जणू निवाडाच, असे गृहीत धरलेले असते. वस्तुतः घटनास्थळी काय आढळले याची पंचांसमक्ष केलेली ती नोंद असते, आणि छायाचित्रे व नकाशा ही त्या नोंदीला जोडून येणारी दोन दृश्य अंगे असतात. त्यांचा परस्परसंबंध तपासला, तर साहित्यातील वास्तववादाविषयीच्या आपल्या काही समजुती पुन्हा पाहाव्या लागतील.

छायाचित्र म्हणजे वास्तव आणि नकाशा म्हणजे कुणीतरी केलेली मांडणी, ही विभागणी आपल्या अंगवळणी पडली आहे. वर्णन छायाचित्रासारखे हुबेहूब असले की त्यातून निवेदक नाहीसा झाला, असे आपण मानतो. हे गृहीत पारखण्यासाठी गुन्ह्याच्या जागेइतकी कठोर जागा क्वचितच सापडेल. इथे वाचन चुकले तर कुणाचे तरी आयुष्य पणाला लागते.

छायाचित्रात भिंगापुढचे सारेच उमटते. म्हणूनच त्यात काय पाहायचे, हे ते सांगत नाही. यूजीन आत्जे यांनी टिपलेले पॅरिसचे निर्मनुष्य रस्ते गुन्ह्याच्या जागेसारखे भासतात, असे वाल्टर बेंजामिन यांनी १९३६ च्या निबंधात नोंदवले आणि अशा चित्रांना मथळ्याची गरज का भासू लागते, याकडे लक्ष वेधले. अँटोनियोनी यांच्या ‘ब्लो-अप’ (१९६६) मधील छायाचित्रकाराला बागेतल्या छायाचित्रात आधी पिस्तूल दिसते, मग प्रेत. परंतु चित्र आणखी मोठे करताच ते अमूर्त चित्रासारख्या ठिपक्यांत विरते. अधिक जवळून पाहणे म्हणजे अधिक जाणणे नव्हे.

पोलिसी छायाचित्रणाला याची जाण पूर्वीपासून आहे. पॅरिस पोलिसांतील आल्फाँस बर्तियाँ (१८५३–१९१४) उंच तिवईवरून प्रेताचे छायाचित्र घेत आणि ते मापांच्या चौकटीत बसवत. आजची रीतही अशीच काटेकोर आहे. आधी जागेचे दूरचे दृश्य, मग मध्यम अंतरावरचे, शेवटी वस्तूचे जवळचे; जवळचे छायाचित्र एकदा मोजपट्टीविना आणि एकदा मोजपट्टीसह. रक्ताचा सुटा डाग कुठलाही असू शकतो. तो या घराच्या उंबऱ्यावरचा आहे, हे क्रमामुळे कळते. निवेदनविरहित समजले जाणारे दृश्यही असे निवेदनाच्या आधारानेच साक्ष देते.

कच्चा नकाशा मुळातच वगळण्यावर उभा असतो. भिंतीवरचे कॅलेंडर, दोरीवरचे कपडे सोडून तो दार, खिडकी, प्रेत आणि हत्यार एवढेच ठेवतो. दोन स्थिर बिंदूंपासून प्रत्येक वस्तूचे अंतर त्यात मोजलेले असते. उत्तर दिशेचा बाण, खुणांची सूची, तारीख आणि आखणाऱ्याची सही त्यावर असते. प्रमाणात काढलेला नसेल तर तसे लिहिलेले असते. छायाचित्रात आडोशाला राहिलेला निवेदक इथे आपल्या निवडीची जबाबदारी घेऊन समोर उभा राहतो.

मात्र या सहीमागेही एक धोका असतो. १९६२ च्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या तोरी सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात बचाव पक्षाने नकाशातील एका खुणेवर भिस्त ठेवली होती. मृत व्यक्ती त्या ठिकाणी असती तर तशी जखम झालीच नसती, असा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. ती खूण अधिकाऱ्याने स्वतः पाहून केलेली नव्हती. साक्षीदारांनी पोलिसांना सांगितलेल्यावरून केलेली होती, म्हणून पुरावा म्हणून ग्राह्य नव्हती. कागद एक, हात एक, शाई एक. तरी एक रेघ पाहिलेल्याची आणि दुसरी ऐकलेल्याची. निवेदनशास्त्राने दृष्टिकोनाची चर्चा करताना ज्या भेदासाठी एवढी परिभाषा उभी केली, तो भेद इथे एका फुलीवर येऊन ठेपतो.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळभेट आणि तेथील प्रक्रियेचे चित्रीकरण यांची तरतूद केली आहे. राज्यांना ती लागू करण्यासाठी पाच वर्षांपर्यंत अवधी आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु चित्रफीत आहे म्हणजे सत्य हाती आले, हा भ्रम तिच्यासोबत येऊ शकतो. कॅमेरा कुणी, कुठून आणि केव्हा सुरू केला, हे प्रश्न तेव्हाही विचारावेच लागतील.

वास्तववादी कादंबरीकडेही हीच मागणी करायला हवी. तपशिलांची गर्दी प्रामाणिकपणाची हमी देत नाही. यातले निवेदकाने काय पाहिले, काय ऐकले आणि ऐकलेले पाहिल्यासारखे कुठे मांडले, हे वाचकाला ओळखता आले पाहिजे. असा शोध घेणाऱ्या समीक्षेलाच ‘पंचनामा’ हा शब्द शोभेल. निवाडा त्यानंतरचा.