निघोजचे रांजणखळगे आणि पाण्याचे कर्तृत्व

पारनेर तालुक्यातील निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रातील कातळात पडलेले रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. ‘पाण्याने दगड कोरला’ असे त्यांचे वर्णन सर्रास केले जाते. हे विधान असत्य नव्हे. परंतु त्यात पाण्याचे भौतिक व रासायनिक कार्य एकत्र कालविले गेले आहे, आणि तेथेच त्याचे शास्त्रीय मूल्य उणावते.

बेसाल्टची घनता पाण्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. त्यामुळे पाण्यात बुडालेल्या गोट्याचे वजन सुमारे एकतृतीयांशाने घटते व पुराच्या वेळचा भोवरा त्यास सहज फिरवितो. कातळ घासतात ते हे गोटे आणि वाळू. वेगवान पाणी त्यांस गती देते.

रासायनिक क्रिया याहून मंद व निराळी. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल बनते. ते बेसाल्टमधील खनिजांचे विघटन करून कॅल्शियम व मॅग्नेशियम मोकळे करते. दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरींचे पाणी दुष्फेन असण्याचे हे एक प्रमुख कारण होय. परंतु या क्रियेत निरनिराळी खनिजे विषम गतीने झिजतात व पृष्ठभाग खडबडीत होतो. निघोजच्या खळग्यांच्या भिंती मात्र गुळगुळीत व वळणदार आहेत. तेव्हा मुख्य कर्तृत्व घर्षणाचे मानणे प्राप्त आहे. रासायनिक क्रियेने, फार तर, भेगा रुंदावून आरंभास साहाय्य केले असेल.

‘पाण्याने कोरला’ हे वाक्य काव्यास शोभते. अभ्यासकाने मात्र ‘पाण्याच्या कोणत्या गुणाने?’ हा प्रश्न विचारल्यावाचून ते स्वीकारू नये.