न झालेली मैफल

अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन मिनिटांची तबकडी ऐकली की आपल्याकडचा रसिक हळहळतो, प्रत्यक्षात बैठक काय रंगली असेल! ती हळहळ रास्तच, कारण तबकडी ही मैफलीची सावली. बीटल्सच्या ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्याबाबत माझीही कित्येक वर्षे तीच तगमग आहे. फरक एवढाच, की ही मैफल कधी झालीच नाही.

१९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५ हजारांवर श्रोते जमले होते, आणि त्यांच्या किंकाळ्यांत गाणाऱ्यांना स्वतःचे गाणे ऐकू येईना. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्टला, सॅन फ्रान्सिस्कोत अर्ध्याएक तासाचा कार्यक्रम करून बीटल्सनी दौरे कायमचे थांबवले. हे गाणे त्यानंतरचे. १९६७च्या जानेवारी-फेब्रुवारीत लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेले. ३० जानेवारी १९६९ रोजी ते चौघे गच्चीवर वाजवायला उभे राहिले, तेव्हाही ते त्यांनी घेतले नाही.

घेणार तरी कसे? लेननचा तो दूरवरून आल्यासारखा आवाज पाहा. हेडफोनमध्ये स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकत तो गायला आहे. त्याचा संथ, उदास भाग आणि मॅकार्टनीचा सकाळच्या धांदलीचा तुकडा यांच्यामध्ये २४ बारची (आपण चार मात्रांची आवर्तने म्हणू) जागा आधी मोकळीच सोडली होती. त्यांचा सहायक मॅल इव्हान्स ती मोठ्याने मोजत होता. १० फेब्रुवारीला ४० वादक बोलावून ती भरली. प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या खालच्या स्वरापासून वर चढायचे, तेही शेजाऱ्याकडे कान न देता! साथसंगतीत मुरलेल्या वादकाला याहून अवघड आज्ञा नसेल. ते वादनही पुनःपुन्हा मुद्रित करून एकावर एक चढवले.

आणि शेवटचा तो पियानोंचा एकत्र आघात. नाद विरत जाईल तसतशी तंत्रज्ञांनी ध्वनीची पातळी वाढवत नेली, म्हणून तो चाळीस सेकंदांहून अधिक टिकतो. शेवटी खुर्चीची करकरही कानी येते. सभागृहात पाचव्या सेकंदाला टाळ्या पडल्या असत्या. हा शेवट यंत्राशिवाय संभवतच नाही, आणि गाण्याचा प्राण मला तिथेच वाटतो.

१ जून २००८ रोजी लिव्हरपूलला मॅकार्टनीने हे गाणे मंचावर आणले. लेनन १९८० सालीच मारला गेला होता; त्याच्या ओळीही यानेच गायल्या. पण त्या अंतिम आघाताऐवजी गाणे लेननच्या ‘गिव्ह पीस अ चान्स’कडे वळते. मित्राचे स्मरण म्हणून ते हृद्य आहे; गाणे म्हणून मला अर्धे वाटते.

तरी इच्छा सुटत नाही. मात्र मला आता ते ४० वादकही नकोत. १९९६ साली निघालेल्या ‘अँथॉलॉजी २’ या संचात या गाण्याचे सुरुवातीचे प्रयत्न जोडून दिले आहेत. तिथे लेनन आकडे मोजण्याऐवजी भलतेच शब्द पुटपुटत सुरुवात करतो. गिटार आहे, पियानो आहे, आणि पुढे काय येणार हे अजून कुणालाच ठाऊक नाही. १९ जानेवारी १९६७च्या त्या रात्री स्टुडिओच्या कोपऱ्यात बसून, ती मोकळी २४ आवर्तने मोकळीच ऐकायला मिळाली असती, तर!